सॅप-सेल्सफोर्स की लिनक्स-पायथन : सॉफ्टवेअरमध्ये शिरणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

पदवी हातात आल्यावर सॉफ्टवेअर क्षेत्रात शिरू पाहणाऱ्यांसमोर आज ठळकपणे दोन वाटा येतात. पहिली वाट एखाद्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मची आहे : सॅप (मोठ्या कंपन्यांचा कारभार सांभाळणारी प्रणाली) किंवा सेल्सफोर्स (विक्री आणि ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारी प्रणाली) यांसारखे एक नाव निवडायचे, त्याचा कोर्स करायचा, प्रमाणपत्र मिळवायचे आणि त्याच नावाने निघालेल्या जागांसाठी अर्ज करायचे. दुसरी वाट मुक्त, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, साधनांची आहे : लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली, पायथन ही भाषा, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन यांवर प्रोग्रॅमिंग शिकायचे आणि त्या जोरावर काम मिळवायचे. या दोहोंची तुलना बहुधा पहिल्या पॅकेजच्या आकड्यापाशी येऊन थांबते. ती तिथे थांबू नये असे मला मनापासून वाटते, कारण आपण शिकलेल्या विद्येवर पुढची पंधरा-वीस वर्षे ताबा कोणाचा राहणार, हा प्रश्नही तितकाच पोटापाण्याचा आहे.

प्लॅटफॉर्मची बाजू आधी नीट पाहू, कारण ती दुबळी नाही. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत सॅप सुरू केली आणि मोठ्या कारखान्यांची खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब हे सगळे एका प्रणालीत बांधले. चाकण किंवा तळेगावच्या एखाद्या कारखान्यात स्टोअर अथवा पर्चेस विभागात चार-पाच वर्षे काढलेल्या माणसाला खरेदीची ऑर्डर, प्रत्यक्ष आलेला माल आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींचा मेळ का घालावा लागतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. सॅपमध्ये मालाची आवक ‘मिगो’ या पडद्यावर नोंदवतात आणि बिलाची पडताळणी ‘मिरो’ या पडद्यावर होते, एवढे त्याला नव्याने समजून घ्यायचे असते. अशा माणसाने, तसेच ज्याने अनेक वर्षे लेखापालाचे काम केले आहे त्याने, फंक्शनल कन्सल्टंट (व्यवसायाच्या गरजेप्रमाणे प्रणाली बसवून देणारा सल्लागार) होण्याच्या दृष्टीने सॅपकडे वळणे मला पूर्णपणे शहाणपणाचे वाटते. त्याची खरी पुंजी व्यवसायाची समज ही असते आणि ती कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसते. सॅप हे तिला बाजारात उभे करणारे साधन ठरते.

तेच सॅप एखादा नवा बीसीए किंवा बीई झालेला विद्यार्थी तांत्रिक बाजूने, म्हणजे अबॅप भाषा शिकून, धरू पाहतो तेव्हा चित्र बदलते. अबॅपमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम सॅपच्या प्रणालीतच चालतो, बाहेर कुठेही नाही. त्यामुळे सरावासाठी सर्व्हर ॲक्सेस लागतो, तो क्लासच्या फीमध्ये ठराविक महिन्यांपुरता मिळतो आणि मुदत संपली की विद्यार्थ्याच्या हातात वहीतल्या नोंदी उरतात. कंपनीकडून चाचणीपुरती मोफत सोय मिळते, पण खऱ्या कारखान्याच्या आकड्यांनी भरलेली प्रणाली घरी बसून हाताळायला मिळत नाही. व्यवसायाचा अनुभव नाही आणि मोठी प्रणाली पाहिलेली नाही, अशा दुहेरी उणिवेनिशी हा फ्रेशर मुलाखतीला बसतो.

सेल्सफोर्स याबाबतीत अधिक उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. तिचे ट्रेलहेड हे शिक्षणस्थळ मोफत आहे आणि सरावासाठी डेव्हलपर खातेही विनामूल्य मिळते. तिथली एपेक्स भाषा शिस्तही लावते : नेहमीच्या एका व्यवहारात डेटाबेसला शंभराहून अधिक वेळा प्रश्न (क्वेरी) विचारता येत नाही, त्यामुळे लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या, आत क्वेरी लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम १०१ व्या क्वेरीला थांबतो आणि झालेले सगळे बदल मागे घेतले जातात. शिवाय प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी कोड चढवण्यापूर्वी त्यातला किमान ७५ टक्के भाग चाचण्यांखालून जावा लागतो. या सवयी चांगल्याच आहेत. मात्र ती मर्यादा शंभरच का, हे शिकणाऱ्याला तपासून पाहता येत नाही. अनेक ग्राहक एकाच यंत्रणेवर असल्यामुळे कंपनीने ती ठरवली आहे आणि आत काय चालते ते दिसत नाही.

त्याच क्वेरीचा धडा मुक्त साधनांवर कसा मिळतो, ते शेजारी ठेवून पाहावे. घरातल्या जुन्या, चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स बसवून त्यावर पोस्टग्रेएसक्यूएल घालता येते. दहा-वीस लाख ओळींचे एक टेबल तयार करावे, त्यातली एक ओळ शोधायला सांगावे आणि त्या क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ हे शब्द लिहावेत. डेटाबेस स्वतःच सांगतो की त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे टेबल चाळले, किती ओळी टाकून दिल्या आणि किती वेळ लागला. मग त्या स्तंभावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) बांधून तीच क्वेरी पुन्हा चालवली की मार्ग बदललेला दिसतो आणि वेळ एकदम खाली येतो. डेटाबेस मार्ग कसा निवडतो याचा मूळ कोडसुद्धा उघडा असल्यामुळे हवे तितके खोल जाता येते. यासाठी कोणाची परवानगी, खाते किंवा मुदत लागत नाही, आणि ही समज पुढे ऑरॅकलवर, सॅपच्या हाना या डेटाबेसवर किंवा अन्य कुठेही नेता येते.

आता बदलाचा प्रश्न. सॅपने २०१५ मध्ये एस-फोर-हाना ही नवी प्रणाली आणली; ती फक्त सॅपच्याच हाना डेटाबेसवर चालते आणि जुन्या ईसीसी प्रणालीची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबणार आहे. त्यामुळे जगभरच्या कंपन्यांना स्थलांतर करावे लागत आहे, आणि आज सॅप जाणणाऱ्यांना असलेल्या मागणीचे हे एक मोठे कारण आहे. ही मागणी खरी आहे, पण तिचा आरंभ आणि शेवट दुसऱ्याच्या वेळापत्रकाने ठरतो. आपल्याकडे याचा जुना दाखला मायक्रोसॉफ्टच्या फॉक्सप्रो या डेटाबेस-भाषेचा आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फॉक्सप्रो शिकवले जाई आणि हिशेबाची, पगारपत्रकांची कितीतरी सॉफ्टवेअर त्यात लिहिली गेली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. ज्यांनी केवळ फॉक्सप्रोच्या आज्ञा पाठ केल्या होत्या ते अडचणीत आले. ज्यांना टेबले, इंडेक्स आणि त्यांतील नाती समजली होती त्यांना एसक्यूएल या डेटाबेसच्या सर्वमान्य भाषेकडे वळणे फारसे जड गेले नाही.

मुक्त साधनांतही उलथापालथ होते, हे लपवण्याचे कारण नाही. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि पायथन ३ कडे जाताना अनेकांचे हाल झाले. रेडिस या लोकप्रिय डेटाबेसच्या मालक कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये परवान्याच्या अटी आवळल्या. फरक त्यानंतर काय घडू शकले यात आहे : रेडिसचा आधीचा कोड मुक्त परवान्याखाली असल्यामुळे काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हाल्की हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला आणि त्यावर काम करणाऱ्यांची विद्या वाया गेली नाही. फॉक्सप्रोच्या वापरकर्त्यांना हा मार्ग उपलब्ध नव्हता.

नोकरीच्या बाबतीत मात्र मुक्त साधनांची वाट सुरुवातीला अधिक खडतर आहे. पायथन येते असे सांगणाऱ्यांची गर्दी अफाट आहे, आणि प्रमाणपत्राच्या जोरावर मुलाखतीपर्यंत पोहोचता येते तसा सोपा दरवाजा इथे नाही. स्वतः केलेले, चालणारे काम दाखवावे लागते. दोन्हींचा मेळ घालू पाहणाऱ्याने ईआरपीनेक्स्ट या सॅपसारख्याच, पण मुक्त प्रणालीकडे जरूर लक्ष द्यावे. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ते पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये बांधले असून ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले आहे. खरेदी, साठा, हिशेब हा सगळा व्यवहार त्यात आहे आणि पूर्ण प्रणाली आपल्याच यंत्रावर बसवून तिचा प्रत्येक भाग उघडून पाहता येतो. सॅपइतक्या जागा त्यावर निघत नाहीत, पण लहान-मध्यम उद्योगांत काम करण्याची तयारी असणाऱ्याला ही भूमी कसदार आहे.

पगारापलीकडचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरे सारखीच साठवणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठीतले अगणित लेखन जुन्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतींत टाइप झाले : पुस्तकांची हस्तलिखिते, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या फाइली. तो फॉन्ट यंत्रावर नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. स्वतःच लिहिलेला मजकूर स्वतःला वाचता येत नाही. पायथन येणारा माणूस जुन्या फॉन्टचे कोणते चिन्ह युनिकोडमधल्या कोणत्या अक्षरासाठी, अशी एक जोडसूची करून तो मजकूर युनिकोडमध्ये आणू शकतो. त्यात खरी मेख आहे ती अशी की, जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. आणि रफाराचे बरोबर उलटे असते. ‘निर्मिती’ हा एकच शब्द नीट उलगडायला दोन्ही नियम लावावे लागतात. असे चाळीस-पन्नास ओळींचे काम कोणत्याही प्लॅटफॉर्मच्या अभ्यासक्रमात नसते, पण एखाद्या ग्रंथालयाची कपाटभर फाइल त्यामुळे पुन्हा वाचता येते. आता कोड लिहून देणारी एआय साधने आली आहेत आणि तीही अशी जोडसूची तयार करून देतील. मात्र रफार चुकीच्या अक्षरावर गेला आहे हे ओळखून नेमकी कुठली ओळ बदलायची, ते कोड वाचता येणाऱ्यालाच कळते.

निवड करताना म्हणून मी असे सुचवेन. व्यवसायाचा अनुभव गाठीशी असेल आणि वयाची तिशी उलटली असेल, तर प्लॅटफॉर्म घ्यावा आणि त्याच्या फंक्शनल बाजूवर भर द्यावा. हाती अनुभव नसेल, पण घरून एखादे वर्ष सांभाळून घेतले जाणार असेल, तर आधी लिनक्स, पायथन आणि एसक्यूएल पक्के करावे. त्यानंतर नोकरीसाठी सेल्सफोर्स किंवा सॅप शिकायची वेळ आली तरी ते लवकर जमते, उलट दिशेने जाणे मात्र जड पडते. घरची निकड असेल आणि लगेच कमावणे भाग असेल, तर कर्ज काढून सॅपच्या क्लासची फी भरण्यापेक्षा सेल्सफोर्सचा मोफत मार्ग बरा, आणि नोकरी लागल्यावर संध्याकाळचा तास पोस्टग्रेएसक्यूएलसाठी राखून ठेवावा. फी भरण्याआधी कोणत्याही क्लासला एवढे अवश्य विचारावे की सर्व्हर ॲक्सेस किती महिने राहील, प्रमाणपत्राच्या परीक्षेचे शुल्क फीमध्ये धरले आहे का, आणि ते प्रमाणपत्र टिकवायला दरवर्षी काय करावे लागेल.