घरातलं सामान कमी करायचंय: एकदम, हंगामागून हंगाम, की सामाईक?

माळ्यावर गुंड, गंज अशी पितळेची भांडी, आलमारीत घडी न मोडलेल्या आहेराच्या साड्या, मागच्या खोलीत तुटकी बाज आणि दोन कूलर. त्यात कापूस घरात आला की माणसांनी बसायचं कुठं हा प्रश्न. विदर्भातल्या कितीतरी शेतकरी घरांत हेच आहे. "आता हे कमी करायचं" इथपर्यंत बरेच जण येतात आणि पुढं कसं करायचं यावर अडतात. म्हणून तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवून पाहते आहे. कोणता कोणाच्या घराला बसेल, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते सांगणार आहे.

सामान कमी करण्याचा बहुतेक सल्ला शहरात तयार झालाय, हे आधी लक्षात घ्या. त्यातला लाडका नियम असा की वर्षभर हात लागला नाही ती वस्तू काढून टाका. पुन्हा गरज पडली तर तासाभरात ती दुकानातून आणता येते, तिथं हा नियम ठीक आहे. आठवडी बाजार हाच ज्यांचा बाजार, त्यांनी तो तसाच उचलू नये. महालक्ष्म्या तीन दिवस बसतात; त्यांच्या कोठ्या आणि मुखवटे उरलेलं वर्ष पेटीत असतात. शेवयांचं यंत्र उन्हाळ्यात निघतं आणि परत बांधून ठेवलं जातं. पाऊस वेळेवर उघडला तर ताडपत्रीची घडीही मोडत नाही, आणि पुढच्या साली सोयाबीनची गंजी उघड्यावर असताना आभाळ येतं तेव्हा सगळं पीक त्या एका ताडपत्रीवर असतं. शेतकरी घरात वस्तू जोखायची असेल तर एक चांगलं साल आणि एक वाईट साल, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. या कसोटीला न उतरणारं सामानही काही कमी नसतं.

पहिला रस्ता: एकदम

या पद्धतीचं जगभर गाजलेलं रूप जपानच्या मारी कोंडो यांचं. खोलीवार आवरू नका, प्रकारावार आवरा, असं त्या सांगतात. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग किरकोळ वस्तू, आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी. एका प्रकारचं घरातलं सगळं एका जागी आणायचं, एकेक हातात घ्यायचं, आणि मनाला आनंद देणारं तेवढं ठेवायचं.

एका जागी ढीग करण्याची युक्ती खरोखर चांगली आहे. साड्याच घ्या. थोड्या सुनेच्या आलमारीत, थोड्या सासूच्या पेटीत, थोड्या दिवाणात, आणि ब्लाउजपीसची गाठोडी वेगळीच. जोवर त्या विखुरलेल्या आहेत तोवर कोणालाच आकडा कळत नाही. ओसरीवर सतरंजी टाकून सगळ्या एकत्र मांडल्या की घरातली माणसं आपणहून गप्प होतात. मग लक्षात येतं की यातल्या निम्म्याहून जास्त कोणी नेसण्यासाठी घेतल्याच नव्हत्या. एका लग्नात आल्या, दुसऱ्या लग्नात द्यायच्या म्हणून ठेवल्या.

अडचण पुढच्या पायरीला येते. 'आनंद देते का' हा प्रश्न एकट्या माणसाच्या कपाटासाठी ठीक आहे. सराटा आनंद देत नाही, तरी भाकर उलथायला लागतोच. शिवाय आपल्या घरात वस्तू एकाची नसते. गुंड आजीच्या आंदणातला, परात मोठ्या जावेच्या माहेरची, स्टीलच्या डब्यावर मामाचं नाव कोरलेलं. सुनेनं मनावर घेऊन एका दिवसात हे सगळं बाहेर काढलं तर तो आवराआवरीचा विषय राहत नाही, मानापमानाचा होतो. "राहू दे ना बाई, कामी पडते," असं आजी म्हणते तेव्हा तिला कवेलूच्या घरातली टंचाईची वर्षं आठवत असतात. तिचं बोलणं हट्ट समजून उडवून लावू नये.

वेळेचीही अडचण आहे. दिवाळीच्या तोंडावर घर झाडायची रीत आहे, पण तेव्हाच सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी असते. एकदम करायचंच असेल तर हरभरा, गहू निघाल्यावर आणि लग्नसराई भरात यायच्या आधी, गुढीपाडव्याच्या आसपास करावं. त्यानंतर ऊन असं तापतं की टिनाखालच्या माळ्यावर घटकाभर थांबवत नाही.

एका प्रसंगात मात्र मी बेधडक हाच रस्ता सांगेन. घर बंद होणार असेल, आईवडील राहिले नसतील, मुलं नागपूर-पुण्याला स्थिरावली असतील, किंवा भावांची वाटणी ठरली असेल, तर हळूहळू करू म्हणणं म्हणजे निर्णय वाळवी आणि गळक्या छपरावर सोडणं. सगळ्या भावंडांनी एकाच वेळी गावी यावं. कपड्यांपासून सुरुवात करावी आणि फोटो, पत्रं, आईच्या हातच्या वस्तू शेवटी घ्याव्यात. कोंडोंचा हा क्रम इथं फार उपयोगी पडतो. पहिल्याच दिवशी आईचं लुगडं हातात आलं तर पुढचं काम होत नाही.

दुसरा रस्ता: हंगामागून हंगाम

इथं प्रकार नाही, जागा आणि वेळ धरायची. जी वस्तू हंगामासाठी बाहेर निघते, ती परत ठेवताना तिचा निर्णय घ्यायचा. कूलर काढताना दोनातला कोणता चालतो ते पाहिलं, बंद असलेला तेव्हाच दिला. थंडी सरली, गाद्या-वाकळा उन्हात टाकल्या, की पाहुण्यांसाठीच्या किती आणि नुसत्या पडून किती हे दिसतंच. ज्यांचा कापूस चांगला आहे त्या पिंजून दोनाची एक करायची. कणग्या, पोती, बोरे पेरणीच्या आधी झटकताना फाटके वेगळे काढायचे.

या रस्त्याचं बळ असं की वस्तू कामात असतानाच तिची परीक्षा होते. माळ्यावर बसून "हे लागेल का?" असा अंदाज बांधावा लागत नाही. भांडणंही कमी होतात, कारण एका वेळी एकाच वस्तूचा प्रश्न असतो आणि वापरणारं माणूस तिथंच असतं.

उणीव मोठी आहे, तीही सांगते. जी वस्तू कधीच बाहेर निघत नाही, तिच्यापर्यंत ही पद्धत पोचतच नाही. आहेराच्या साड्या, नाव कोरलेली स्टीलची ताटं, बिघडलेला टीव्ही, कॉलेजच्या गाइडांचे गठ्ठे यांचा हंगाम कधी येत नाही. वर्षं जातात आणि घर तसंच राहतं. म्हणून चालत्या घरासाठी माझा कौल दुसऱ्या रस्त्याला आहे, पण साड्या आणि भांडी या दोन प्रकारांपुरती पहिल्या रस्त्याची ओसरीवरची मांडणी त्यात घ्यावी. तेवढ्याला घरातली मोठी बाई सोबत हवी, आणि पहिली वस्तू तिनं काढावी.

तिसरा रस्ता: सामाईक

याची चर्चा सगळ्यात कमी होते आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो.

कमी वस्तूंत जगण्याची गोष्ट निघाली की विदर्भात दोन माणसं आठवतातच. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. (बुलडाण्याच्या शेगावशी घोळ होऊ लागल्यानं १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.) बापूकुटीत उभं राहिलं की माणूस किती थोड्यात राहू शकतो हे डोळ्यांना दिसतं. असंग्रह हे आश्रमाच्या एकादश व्रतांतलं एक. पण कुटीच्या बाहेरही पाहायला हवं. आश्रमात स्वयंपाकघर एक होतं, पंगत एक होती, गोशाळा आणि शेती सगळ्यांची होती. एकाच्या कुटीत भांडी नव्हती, कारण ती सगळ्यांच्या स्वयंपाकघरात होती. गाडगेबाबांचंही तसंच. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाजवळ खराटा, गाडगं आणि अंगावर चिंध्यांचा पोशाख एवढंच होतं. उभ्या केल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा, लोकांसाठी. दोघांचं कमी असणं हे सगळ्यांचं काहीतरी असण्यावर उभं होतं.

गावात याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. पंगतीचे मोठे गंज, कढया, पराती घरोघरी असण्याचं कारण काय? तेरवी आणि लग्न. अनेक गावांत मंदिराकडे किंवा महिला बचत गटाकडे अशी भांडी असतात आणि थोड्या भाड्यानं मिळतात. तुमच्या गावात असतील तर तुमच्या माळ्यावरचा निम्मा भार आजच कमी होऊ शकतो. नसतील तर पाच-सात घरांनी आपली मोठी भांडी एकत्र करून गटाकडे द्यावीत. वहीत नोंद, देताना-घेताना मोजणी, हरवलं तर भरपाई, आणि घासून परत करायचं, एवढे नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावेत. तोंडी कारभार दोन लग्नांत मोडतो.

सगळंच सामाईक होत नाही, हेही तितकंच खरं. ज्या वस्तूची गरज घरोघरी वेगवेगळ्या दिवशी पडते ती वाटून घेता येते: शिडी, पहार, शेवयांचं यंत्र, आजारी माणसासाठीची लोखंडी खाट, व्हीलचेअर. ज्या वस्तूची गरज सगळ्यांना एकाच दिवशी पडते ती स्वतःचीच हवी. पाऊस आला की ताडपत्री सगळ्यांनाच लागते, आणि उघडीप मिळाली की फवारणीचा पंपही. या दोन वस्तूंसाठी शेजाऱ्यावर विसंबू नका. तिथं नात्याचीच परीक्षा होते.

काढलेलं सामान जाणार कुठं?

शहरात जुने कपडे गोळा करून गावाकडे पाठवणाऱ्या संस्था आहेत. गावातल्या माणसानं आपले जास्तीचे कपडे कुठं द्यायचे, याचं उत्तर त्यांच्याजवळ सहसा नसतं. गावातच द्यावं तर ती साडी कोणाची होती हे सगळ्या गल्लीला ओळखू येतं, आणि घेणारीला ते बोचतं. म्हणून वापरलेले कपडे दुसऱ्या गावच्या नातलगाकडे द्या, किंवा कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला द्या. देवघेव झाली की कोणाचा मान कमी होत नाही. घडी न मोडलेल्या साड्यांना ही अडचण नाही. त्या शेतात वर्षानुवर्षं येणाऱ्या मजूर बायांना सणाला, नवी साडी म्हणून, हातात द्याव्यात. सुती लुगडी मात्र देऊ नका. त्यांच्या वाकळीला जी ऊब आणि मऊपणा असतो तो पॉलिस्टरला येत नाही.

तांब्या-पितळेला मोडीत भाव येतो, आणि तांब्याला पितळेपेक्षा जास्त. भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन्ही वेगळं करून घरच्या काट्यावर तोलून ठेवा. ज्याला कल्हई उरली नाही असं पितळी भांडं आंबट पदार्थांना वापरूच नये. कल्हईवाला फिरकत नसेल तर ते शोभेला ठेवायचं की मोडीत घालायचं, एवढाच प्रश्न उरतो. कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि बाटल्या भंगारात देऊ नका आणि घरात पाण्या-तेलालाही वापरू नका. त्या निकामी करून वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर पुरायच्या असतात.

कागदांना तिन्ही रस्ते लागू नाहीत

इथं मी अगदी कंजूष आहे. सातबाऱ्याच्या जुन्या झेरॉक्स खुशाल फाडा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. पण खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराच्या जुन्या नकला, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल यांना हात लावू नका. जात पडताळणीत अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. नातीच्या प्रवेशाच्या वेळी तोच पिवळा कागद शोधत घर उलथं होतं. गडचिरोली-चंद्रपूरकडे वनहक्काच्या दाव्यात, दावेदार आदिवासी नसेल तर, १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वास्तव्य दाखवावं लागतं. तिथं तर जुनी पावतीही सोनं आहे. बियाण्याचं बिल, रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेवढाच आधार असतो. हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच, आणि ती कुठं आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवं.

मग निवडायचं काय?

बंद होणारं घर असेल तर एकदम. चालतं शेतकरी घर असेल तर हंगामागून हंगाम, साड्या-भांड्यांपुरती ओसरीवरची मांडणी, आणि मोठी भांडी सामाईक. नव्यानं संसार मांडणाऱ्यांना आवरायचं फारसं नसतं. त्यांनी येणाऱ्या सामानाकडे पाहावं. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात आणि मग मानापानाच्या साड्या देतात-घेतातच. ते थांबवायचं तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी साक्षगंधाच्या बैठकीतच ठरवावं आणि मानाची नावं तिथंच मोजून घ्यावीत: कोणाला साडी, कोणाला टॉवेल-टोपी, आणि कोणाला नुसता नमस्कार. बस्त्याला जाण्याआधी ही यादी झाली नाही, तर दुकानात बसून ती कधीच लहान होत नाही.