बडोद्यात भाच्यासाठी घेतलेली ‘टीम प्लॅन’वाली सेवा – ५ पैकी ४

आधीच सांगते, मुलाच्या घरच्या आणि रोजच्या माणसांची टीम बसवून त्याच्यासाठी प्लॅन करणाऱ्या या सेवेचं नाव इथे टाकत नाहीये, कारण बडोद्यात आपली मराठी मंडळी सगळी एकमेकांना ओळखतात आणि नाव लिहिलं की मुलगा कोणाचा हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या दांडिया बाजारात कळेल. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मेसेज करा, नंबर देते.

भाचा पंधरा वर्षांचा, दहावीत. शाळेला जायचंच नाही म्हणायचा, सकाळी खोलीचं दार लावून बसायचा, कोणी जास्त बोललं की वस्तू फेकायचा. आधी एका क्लिनिकमध्ये नेलं होतं, तिथे दहा मिनिटं बोलून गोळ्या आणि वर भाऊ-वहिनीला लेक्चर, की तुमचंच लाड करणं नडलंय. वहिनी बाहेर येऊन रिक्षात रडली. मग ऑफिसमधल्या एका गुजराती मैत्रिणीने या लोकांचं सुचवलं.

यांची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात ज्या मुलांना त्रास जास्त म्हणून घरापासून लांब संस्थेत ठेवायचे, त्यांना घरीच आणि आपल्याच वस्तीत मदत द्यायची म्हणून हे सुरू झालं, रॅपअराउंड म्हणतात त्याला. मिलवॉकी शहरात १९९५ पासून मोठ्या प्रमाणावर चाललंय आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या जाणकारांनी रॅपअराउंडची दहा तत्त्वं लिहून काढली. घरच्यांचं आणि मुलाचं म्हणणं आधी, काम टीमने करायचं, टीममध्ये मुलाची रोजची माणसं हवीत, मुलात काय चांगलं आहे तिथून सुरुवात करायची, अशी. आपल्याकडे जेजे अ‍ॅक्ट २०१५ मध्येही (म्हणजे बाल न्याय कायद्यात) प्रत्येक मुलाचा वेगळा केअर प्लॅन करायचं आहे, पण ते बालकल्याण समितीसमोर आलेल्या किंवा बालगृहातल्या मुलांसाठी. घरात राहणाऱ्या पोरासाठी असं बसून कोण करतं हो.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. फॅसिलिटेटर, म्हणजे टीमला एकत्र बसवून प्लॅन करून घेणारी व्यक्ती, म्हणून एक ताई आल्या, आणि पहिल्या भेटीत फाइल उघडलीच नाही. भाच्याला विचारलं, तुझ्यासाठी मीटिंग करायची तर त्यात कोण कोण हवं? तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला आखाड्यातले मल्लखांबाचे सर. आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय, कारण आखाडा सोडून त्याला वर्ष होत आलं होतं आणि आम्हाला वाटत होतं की तो विषयच संपला. मग म्हणाला आत्या चालेल. आईबाबा तर असणारच. शाळेतून फक्त वर्गशिक्षिका, प्रिन्सिपल नको. ताईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खरंच त्याच माणसांना फोन केले. भाऊ मकरपुऱ्याला कंपनीत शिफ्टला असतो तर मीटिंग रात्री साडेआठला आमच्या घरीच ठेवली, कोणाला रजा टाकायला लावली नाही. सर आले, चहा घेतला, आणि पहिलंच वाक्य म्हणाले की हा पोरगा नवीन मुलांना पकड शिकवायचा तेव्हा एकदाही चिडायचा नाही. भाऊ बघतच राहिला, कारण वर्षभर पोराबद्दल चांगलं असं कोणी बोललंच नव्हतं. ही गोष्ट प्लॅनमध्ये सगळ्यात वर लिहिली गेली, आणि पुढे त्याच्यावरच एक काम ठरलं, आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान मुलांना शिकवायला आखाड्यात जायचं, स्वतः प्रॅक्टिस करायची की नाही ते त्याचं तो ठरवेल.

ध्येय (गोल) पण त्याच्या शब्दात. आम्हाला हवं होतं ‘शाळेत रोज जाणे’. त्याने सांगितलं ‘सकाळी घरात आरडाओरडा नको’. ताई म्हणाल्या आधी हाच घेऊ. मला तेव्हा पटलं नव्हतं, खरं सांगते, बोर्डाचं वर्ष आणि हे काय आरडाओरडा घेऊन बसलेत! पण आरडाओरडा बंद व्हायचा म्हणजे कोणी किती वाजता उठवायचं, एकदाच हाक मारायची, बाबांनी शाळेचा विषय सकाळी काढायचाच नाही, हे सगळं मोठ्यांचं काम निघालं. प्लॅनमध्ये प्रत्येक कामासमोर नाव लिहिलेलं आणि निम्मी कामं आमचीच.

आजी म्हणत होती बाहेरची बाधा आहे, नजर काढा. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. ताईंनी विचारलं, तुमच्या घरी काय करतात अशा वेळी? आणि आजीसाठी काम ठेवलं की संध्याकाळी दिवा लावताना तो सोबत बसेल, रामरक्षा म्हणायची, शाळेबद्दल एक शब्द नाही. आजी ते रोज निभावते.

क्रायसिस प्लॅनचा कागद फ्रिजवर लावलाय. दार लावलं तर कोणी ठोठवायचं नाही, आधी आई मेसेज करेल, मग मी फोन करेन, वस्तू फेकायला लागला तर धाकट्या बहिणीला शेजारी काकूंकडे पाठवायचं, आणि हाताबाहेर गेलं तर डॉक्टरांचा नंबर. खाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ पण लिहिलाय, तो सरकारी आहे आणि फुकट आहे.

दिवाळीपर्यंत बरं चाललं, सुट्टीनंतर शाळा परत बंद. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तो जाईचना. मला वाटलं आता हे लोक म्हणतील की तुम्ही प्लॅन पाळला नाही, केस बंद. उलट चार दिवसांत सगळ्यांना परत बसवलं आणि प्लॅन बदलला. पूर्ण दिवसाऐवजी पहिले दोन तास, आणि मधल्या सुट्टीआधी घरी. वर्गशिक्षिकेने हजेरीचं शाळेत बोलून घेतलं. चुकलं ते प्लॅनचं, मुलाचं नाही, असं ताई भाऊ-वहिनीसमोर स्पष्ट बोलल्या. माझे चार स्टार मुख्यतः याच्यासाठी आहेत. तत्त्वांमध्ये हे लिहिलेलंच असतं की अडलं म्हणून मुलाला सोडायचं नाही, पण लिहिणं वेगळं आणि थंडीत रात्री नऊला येऊन परत सगळं मांडणं वेगळं. आता तो अर्ध्या दिवसावर आलाय. आठवड्याला किती दिवस गेला आणि किती सकाळी आवाज चढला नाही, याचा तक्ता तो स्वतः भरतो, मीटिंगमध्ये आधी तोच बघतात.

एक स्टार कापला त्याची कारणं पण ऐका. प्लॅनची पहिली कॉपी इंग्रजीत आली, आजीला आणि वहिनीला काय कळणार, गुजराती चाललं असतं पण मराठी मागितली तर द्यायला बरेच दिवस लावले. दुसरं जास्त लागलं, मध्येच पहिल्या ताई सोडून गेल्या आणि नवीन आलेल्यांना आम्ही सगळं पहिल्यापासून सांगितलं, भाचा त्या दिवशी उठून निघून गेला. टीमचं काम विश्वासावर चालतं तर माणूस बदलताना जुनी आणि नवी दोघींनी एकत्र एक मीटिंग तरी करायला हवी होती. फीसुद्धा तास मोजून घेतात, शाळेशी केलेल्या फोनची वेगळी, हे सुरुवातीला नीट सांगितलं नव्हतं. आणि सेवा संपल्यावर पुढे काय, कोण बघणार, यावर अजून बोलणं झालेलं नाही, ते मी पुढच्या मीटिंगला काढणारे.

गोळ्यांचं काय असं बरेच जण विचारतील. त्या डॉक्टर ठरवतात, ही टीम नाही, आणि आमच्या बाबतीत डॉक्टर बदलले तेव्हा नवीन डॉक्टर एका मीटिंगला फोनवर होते. झटपट फरक पाहिजे असेल तर तुम्हाला हे जमणार नाही, आणि घरातले मोठे स्वतः काही बदलायला तयार नसतील तर पैसे घालवू नका.

पहिल्या फोनवर हे विचारून घ्या: मीटिंग घरी करता का, मुलगा कोणाला बोलवायचं ते ठरवू शकतो का, प्लॅन मराठीत मिळेल का, फॅसिलिटेटर बदलला तर काय करता, आणि शाळेच्या फोनचे किती. शनिवार-रविवारचे स्लॉट लवकर भरतात, परीक्षांच्या आधी तर मिळतच नाहीत, म्हणून नवरात्राच्या सुमारास फोन केलेला बरा.