आर्त्सबर्ग १३८२: जुना जर्मन सेट रोज वापरल्यावर

न्यूर्नबर्गच्या जुन्या बाजारातून घेतलेला, आर्त्सबर्ग या जर्मन कंपनीचा पोर्सलीनचा (चिनी मातीचा) सेट, मॉडेल क्रमांक १३८२, गेले कित्येक महिने आमच्याकडे रोजच्या वापरात आहे, आणि आता खात्रीने सांगतो, हे पोर्सलीन शोकेससाठी घेऊच नका, वापरायला घ्या. डिझाइन हेर्मान ग्रेच यांचं, १९३१ चं, माझे पीस मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे. नक्षी नाही, सोनेरी काठ नाही, नुसते पांढरेशुभ्र गोल आकार. त्या काळी पाहुण्यांसाठीचा अख्खा सेट एकदम घ्यायची पद्धत होती, हा मात्र सुटा सुटा मिळायचा, म्हणजे बेताच्या पगारातला माणूसही आज कप, पुढच्या महिन्यात बशी असं जमवू शकायचा. मला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

वरण, आमटी, रस्सा सगळं यात खाल्लं, हळदीचा डाग कुठेही धरला नाही. काओलिन (पांढरी माती), फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं मिसळून साधारण १४०० अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं, त्यामुळे आत काही मुरायला वावच नसतो. स्टीलच्या चमच्याचे करडे ओरखडे दिसतात खरे, पण ओला खायचा सोडा चोळला की जातात. कप पसरट, त्यामुळे आपला उकळलेला चहा पटकन निवतो, मी किटली आधी गरम पाण्याने विसळून मग त्यात गाळतो, बराच फरक पडतो.

मित्राकडे रोझेन्थाल या दुसऱ्या जर्मन कंपनीचा '२०००' नावाचा सेट आहे, डिझाइन रेमंड लोवी आणि रिचर्ड लेथम यांचं, १९५४ चं, कमरेत बारीक कॉफीपॉट, दिसायला अप्रतिम! पण सोनेरी काठवाला कुठलाही सेट घेणार असाल तर मायक्रोवेव्ह विसरा आणि डिशवॉशरही टाळा, सोनं ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या, वर कमी तापमानाला भाजलेलं असतं, हळूहळू उडतं.

घेताना तळाचा शिक्का बघा. नुसतं 'बव्हेरिया' लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, ते प्रदेशाचं नाव आहे, झेल्ब, आर्त्सबर्ग, होहेनबर्ग या गावांच्या एकाच पट्ट्यात भरपूर कारखाने होते. पीस तळहातावर धरून टिचकी मारा, खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. आणि किटलीच्या झाकणाच्या काठावरून बोट फिरवाच, टवका बहुतेक तिथेच उडालेला असतो आणि सुटं झाकण मिळता मिळत नाही.