टेम्पीच्या मलेट अरीनात आईसोबत एक शुक्रवार

आई नागपूरहून आली ती सुती साड्या आणि एक शाल घेऊन. फीनिक्सची हवा तिला फोनवर ऐकून ऐकून पाठ झाली आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणजे आपल्या धंतोलीसारखंच. त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी, बाहेर पस्तीस अंश असताना, मी तिच्या हातात जाड जॅकेट आणि लोकरीचे पायमोजे दिले तेव्हा तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी म्हटलं, "आई, आपण बर्फावर जातोय. आइस हॉकीची मॅच बघायला."

आम्ही राहतो चँडलरला, फीनिक्सच्या उपनगरात; टेम्पी शेजारीच. प्राइस-१०१ च्या स्टेशनवर गाडी लावायची, लाइट रेलने युनिव्हर्सिटी-रूरलला उतरायचं आणि तिथून सावकाश चालत मलेट अरीना गाठायचं, हा आमचा नेहमीचा रस्ता. आईच्या गुडघ्यांमुळे आम्हाला वेळ लागला, तरी खेळाडू सरावाला उतरले तेव्हा आम्ही जागेवर होतो. माझी अकरा वर्षांची लेक तर आत शिरल्या शिरल्या काचेला नाक लावून उभी राहिली.

अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या पुरुषांच्या आइस हॉकी संघाचं हे घर. ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलं, आणि पहिल्या सामन्यात यजमानांनी कोलगेट विद्यापीठाला हरवलं. पाच हजार प्रेक्षकांची जागा. आकडा लहान वाटेल, पण या अरीनाची सगळी गंमत त्यातच आहे. कुठेही बसा, खेळाडूंच्या स्केटच्या पात्यांचा बर्फावर होणारा कर्रकर्र आवाज ऐकू येतो. गोलच्या मागे विद्यार्थ्यांच्या ९४२ जागा आहेत आणि त्या आकड्यावरूनच त्यांच्या गटाचं नाव पडलंय, '९४२ क्रू'. ही पोरं तिन्ही पीरियड उभी असतात. आपला संघ बर्फावर आला की जो गलका होतो, त्यावर आई म्हणाली, "मारबतीच्या मिरवणुकीत असते तसं वाटून राहिलं."

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बर्फाचं मैदान दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद. बर्फाचा थर जेमतेम इंचभर. त्याच्या खालून गार द्रव वाहणाऱ्या नळ्या गेलेल्या असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड, आणि मधल्या सुट्टीत झांबोनीची गाडी फिरते. ती बर्फाचा वरचा खरवडलेला पापुद्रा काढते आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडते. गरम पाणी का, असं आईने विचारलं. वरचा थर किंचित वितळून नवं पाणी जुन्या बर्फाशी एकजीव होतं, हे लेकीने आजीला समजावलं. आईला मॅचपेक्षा ती गाडी जास्त आवडली असावी. शेणाने सारवलेल्या अंगणासारखं गुळगुळीत होतं म्हणाली, आणि खरंच तसंच दिसतं.

कॉलेजच्या हॉकीत सगळ्यांच्या चेहऱ्यावर जाळी किंवा काच असते आणि मारामारीला थेट बाहेरचा रस्ता. त्यामुळे लहान मुलांना घेऊन जायला मला ही हॉकी व्यावसायिक सामन्यांपेक्षा जास्त बरी वाटते. दोन हंगाम इथे व्यावसायिक हॉकीही पाहायला मिळाली. अ‍ॅरिझोना कायोटीज या व्यावसायिक संघाला स्वतःचं घर उरलं नव्हतं, तेव्हा एप्रिल २०२४ पर्यंत एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, सामने याच पाच हजारांच्या अरीनात झाले. जॉश डोनचं उदाहरण तर इथला प्रत्येक हॉकीवेडा सांगतो. विद्यापीठाकडून तो या बर्फावर खेळला आणि मार्च २०२४ मध्ये कायोटीजकडून एनएचएलचा पहिला सामनाही इथेच खेळून त्यात दोन गोल केले. पुढच्याच महिन्यात कायोटीजची टीम सॉल्ट लेक सिटीला गेली. आमच्या गल्लीतली मुलं त्या आठवड्यात रडवेली झाली होती. विद्यापीठाचा संघ मात्र राहिला. या वाळवंटात आज मोठी हॉकी उरली आहे ती या अरीनामुळे, आणि म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

हे उभं कसं राहिलं तेही सांगायला हवं, कारण आता हॉकीचा संघ आणणारं पुढचं विद्यापीठ कोणतं अशी चर्चा हॉकीच्या पालकांमध्ये सतत चालते. अ‍ॅरिझोना स्टेटचा संघ आधी क्लब होता. म्हणजे मुलं स्वतःच्या खिशातून पैसे भरून खेळायची. २०१४ मध्ये या क्लबने प्रशिक्षक ग्रेग पॉवर्स यांच्या हाताखाली क्लब संघांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देणगीदारांनी ३ कोटी २० लाख डॉलर दिल्याचं जाहीर झालं. त्यात पुढाकार मलेट कुटुंबाचा होता, आणि त्या घरातला मुलगा याच क्लबमधून खेळलेला. २०१५ मध्ये संघ डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सर्वोच्च पातळीवर, उतरला. पण घरचे सामने होते टेम्पीच्या ओशनसाइड रिंकवर, जिथे हजार माणसंही मावत नाहीत. कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, तीही नव्हती. २०२०-२१ च्या करोनाच्या हंगामात बिग टेन या कॉन्फरन्सने या संघाला आपल्या वेळापत्रकात घेतलं, तेव्हा मुलं अख्खा हंगाम परगावी खेळली. घरी एकही सामना नाही. एनसीएचसी या कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली ती २०२४ मध्ये. म्हणजे देणगीची घोषणा, मग आठ वर्षांनी हक्काचं घर, आणि घोषणेपासून दहा वर्षांनी बिरादरी. आणि तरीही मधल्या काळात, २०१९ मध्ये, हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला होता. त्या पोरांचं मला फार कौतुक आहे.

म्हणूनच अमुक विद्यापीठ हॉकी सुरू करणार अशी बातमी आली की मी आधी विचारते, बर्फ कोणाचा? पेन स्टेट या पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठाचं सगळं झटपट झालं, कारण टेरी पेगुला यांनी २०१० मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलर दिले आणि २०१३ मध्ये तिथे अरीना उभं होतं. २०२५ मध्ये त्यांचे पुरुष फ्रोझन फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय उपांत्य फेरीत गेले. साउथ डकोटातल्या ऑगस्टाना या लहानशा विद्यापीठाचे बाकी खेळ डिव्हिजन टूमध्ये आहेत, पण हॉकीत त्या पातळीची राष्ट्रीय स्पर्धाच नाही, म्हणून त्यांना थेट वर खेळता येतं. त्यांनी २०२३ मध्ये संघ उतरवला आणि जानेवारी २०२४ मध्ये स्वतःचं अरीना उघडलं. याउलट इलिनॉयमध्ये २०१७ पासून अहवाल झाले, शॅम्पेनमध्ये अरीना बांधायचा बेत झाला, मोठं विद्यापीठ, शिकागोसारखं हॉकीचं शहर गाडीने दोन-अडीच तासांवर, आणि तरी ते जमलं नाही. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेटने २०२४ मध्ये घोषणा केली. ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांमधला हा पहिला हॉकी संघ ठरणार, म्हणून मी ती बातमी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली होती. मात्र बर्फावर उतरायची त्यांची तारीख पुढे गेली. ते उतरावेत असं मला मनापासून वाटतं.

कॉन्फरन्स नसली की काय होतं ते अलाबामा-हंट्सव्हिल विद्यापीठाने दाखवलं. दक्षिणेतला तो एवढा जुना संघ, पण बिरादरीत कोणी घेईना म्हणून २०२१ मध्ये बंद पडला. अलास्कातल्या अँकरेजच्या विद्यापीठाचा संघ मात्र बंद करायचं ठरल्यावर लोकांनी तीस लाख डॉलर गोळा करून २०२२ मध्ये परत आणला.

मला विचाराल तर पश्चिमेत सगळ्यात जवळ लास व्हेगसचं विद्यापीठ, यूएनएलव्ही आहे. त्यांचा क्लब संघ दमदार आहे, सामने होतात ते गोल्डन नाइट्स या तिथल्या एनएचएल संघाच्या सरावाच्या चांगल्या रिंकवर, आणि २०२३ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचा विजेता चषक, आल्यापासून ते शहर हॉकीने भारलेलं आहे. टेम्पीहून गाडीने पाच तास. आमच्या संघाला आज बहुतेक परगावच्या सामन्यांना विमानाने जावं लागतं, त्यांना एक शेजारी मिळेल. पण भाड्याच्या बर्फावर, दुसऱ्याच्या वेळापत्रकात डिव्हिजन वन चालवणं किती जड आहे ते ओशनसाइडच्या सात वर्षांनी दाखवलंय. व्हेगसने देणगीदार शोधताना खेळाडूंच्या शिष्यवृत्तीइतकाच स्वतःच्या छपराचा विचार करावा.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. दुसऱ्या सुट्टीत तिने शाल डोक्यावरून घट्ट लपेटली, हातातलं पॉपकॉर्न लेकीला दिलं आणि अगदी सहज विचारलं, "इथं मुलींची मॅच कधी असते गं?"

या विद्यापीठात मुलींचा क्लब संघ आहे. डिव्हिजन वनचा नाही. फक्त इथे नाही असं नव्हे, मिनेसोटाच्या पश्चिमेला अख्ख्या अमेरिकेत महिलांचा एकही डिव्हिजन वन हॉकी संघ नाही. नॉर्थ डकोटाचा होता, ऑलिम्पिक खेळाडू घडवणारा, तो २०१७ मध्ये बंद केला. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा, ज्याला सगळे टायटल नाइन म्हणतात, त्यामुळे पुरुषांचा नवा संघ आणला की विद्यापीठाला महिलांच्या संधींचाही हिशेब जमवावा लागतो. अ‍ॅरिझोना स्टेटने महिलांसाठी ट्रायथलॉन आणि लक्रॉस सुरू केले. त्या मुलींना ते मिळालं याचा मला आनंदच आहे. पण पेन स्टेटने एकाच देणगीत, एकाच छपराखाली, पुरुष आणि महिला दोघांचे हॉकी संघ एकदम वर नेले. आणि डेलावेअरने २०२५ मध्ये नव्याने डिव्हिजन वन हॉकी आणली ती फक्त महिलांची. हे होऊ शकतं, हे आता कोणाला सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही.

लेक सहाव्या वर्षापासून खेळतेय. रात्री साडेनऊला सराव, कारण मुलींच्या संघाला तेवढाच बर्फ मिळतो. एकदा ऑगस्टमध्ये, नाव नको, इथल्याच एका रिंकचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि बर्फावर बोटभर पाणी साचलं. आम्ही पालक तीन आठवडे पोरींना घेऊन दुसऱ्या शहरात जात होतो. त्या गाडीतल्या पाच मुलींपैकी दोघी आता मिनेसोटाच्या बोर्डिंग शाळेची चौकशी करतायत. अकराव्या वर्षी. घर सोडल्याशिवाय पुढे रस्ता नाही हे त्यांना आत्ताच कळलंय. उद्या व्हेगस असो, युटा असो की वॉशिंग्टन, पश्चिमेतलं जे विद्यापीठ हॉकीचा विचार करत असेल त्याने दोन्ही संघ एकदम आणावेत. बर्फ तोच, झांबोनी तीच, गार करायचा खर्च एकदाच. आणि मुलींच्या डिव्हिजन वनसाठी हे पाच हजारांचं सुंदर अरीना तर आजच तयार उभं आहे.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: बॅग पारदर्शकच न्या. जॅकेट न्याच, बाहेर कितीही ऊन असलं तरी, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बसायला छोटी उशी. पाय आधी गार पडतात, म्हणून चपला नकोत. लहान मुलं असतील तर सामन्याच्या अर्धा तास आधी पोचा, खेळाडू काचेजवळ येतात, आमच्या लेकीला त्या दिवशी एकाने काचेवरून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकला. पहिल्यांदाच जात असाल तर खालच्या रांगांपेक्षा थोडं वर बसा, पक कुठे चाललाय ते वरून समजतं. ती काळी, मुठीएवढी, साधारण एकशे साठ ग्रॅमची चकती खालून पापणी लवेपर्यंत दिसेनाशी होते. माझ्याकडून या संध्याकाळीला पाचपैकी पाच.

अरीनाला लागूनच सगळ्यांसाठी खुला असा दुसरा रिंक आहे, माउंटन अमेरिका कम्युनिटी आइसप्लेक्स. रविवारी सकाळी आम्ही आईला घेऊन परत गेलो. लेक स्केट बांधून उतरली, आई कठड्यापाशी उभी. दोन फेऱ्या झाल्यावर लेक समोर येऊन थांबली, पात्यांनी बर्फाचा भुगा उडाला आणि आजीच्या पायमोज्यांवर पडला. आईने तो बोटाने उचलून पाहिला, "खरंच बर्फ आहे" म्हणाली, आणि मग मला विचारलं, "हिची मॅच असेल तेव्हा मला आधी कळव. तिकीट काढायला लागते."