जिनिंगच्या वजनकाट्यावर सिरियल कार्ड : सात महिने वापरल्यावर

राळेगाव तालुक्यात आमचं कापसाचं जिनिंग आहे. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) आरएस-२३२ वर, म्हणजे जुन्या सिरियल वायरीच्या पद्धतीने बोलणारा आणि नव्या कॉम्प्युटरला नऊ पिनांचा पोर्टच नाही, म्हणून नोव्हेंबरात हे दोन पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवलं. आधी यूएसबीची वायर होती. ती कोणी दुसऱ्या जागी खुपसली की कॉम पोर्टचा (कॉम्प्युटर सिरियल पोर्टला देतो तो) नंबर बदलायचा, आणि आमचं पावतीचं सॉफ्टवेअर कॉम ४ च्या पुढे ओळखत नाही.

कार्डाचा ड्रायव्हर सीडीवर आला. आजकाल सीडी घालायची कुठे? तो नेटवरून उतरवला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम ५ चा कॉम ३ केला. सुरुवातीला आकड्यांऐवजी चित्रविचित्र चिन्हं आली, कारण इंडिकेटर २४०० बॉडवर (डेटा पाठवायचा वेग) आणि सॉफ्टवेअर ९६०० वर. ती चूक माझीच.

खरा ताप जानेवारीत झाला. यार्डात बंड्या-टेम्पोंची रांग आणि काट्यावरचा पोरगा ओरडतोय, "भाऊ, आकडा हालूनच नाही राह्यला!" इंडिकेटरवर वजन बरोबर, पण स्क्रीनवर मागच्या गाडीचंच. एका शेतकऱ्याच्या हे लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर चुकीची पावती गेली असती. मी कार्डालाच शिव्या घातल्या. स्लॉट बदलला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, दुकानदाराशी भांडलोही.

मग केबल काढून कार्डावरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेने जोडल्या. टाइप केलेलं अक्षर न् अक्षर परत आलं. म्हणजे कार्ड ठणठणीत. केबिन मागे सरकवली तेव्हा वायर ३० मीटर झाली होती. आरएस-२३२ साठी साधारण १५ मीटर धरतात. त्यात ती प्रेसच्या मोटरच्या केबलला चिकटून गेलेली. मल्टिमीटर लावला तर मोटर सुरू होताच इंडिकेटर आणि कॉम्प्युटरच्या बॉडीत काही व्होल्टचा फरक, त्यातच सिग्नल बिघडत होता. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक!

दोन्ही टोकांना आयसोलेशनवाले (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे) आणि लांब वायरीवर चालणारे आरएस-४८५ कन्व्हर्टर लावले, शील्डवाली वायर वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरला. तेव्हापासून आकडा एकदाही अटकला नाही, अगदी मे महिन्याच्या उन्हातही.

कार्डावर एकच राग: कार्ड कॅबिनेटला आवळायची सोबतची छोटी पट्टी पातळ आहे, स्क्रू आवळला की वाकते. दुसरा पोर्ट रिकामाच आहे. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांना बाहेरून वजन दिसावं म्हणून मोठा डिस्प्ले त्यावर लावणार आहे.