करिअर कौन्सेलिंग, टिळकवाडी : रिपोर्ट नको, दुसरं सेशन घ्या

पाचपैकी तीन स्टार. दीड स्टार कापला त्या रंगीत रिपोर्टसाठी आणि अर्धा कापला जुनी माहिती छातीठोकपणे सांगितली म्हणून. सेंटरचं नाव टाकत नाही, बेळगावात कोण कुणाचा पावणा निघंल सांगता येत नाही. टिळकवाडीत अशी दोनचार सेंटरं आहेत, सगळ्यांची पद्धत थोडीफार सारखीच, त्यामुळे ज्याला जायचंय त्याला हे कुठल्याही सेंटरसाठी उपयोगी पडेल.

आधी कोण गेलं होतं ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुणाच्या कामाचा ते कळेल. मी येळ्ळूरचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, कन्नड सेकंड लँग्वेज, मग पीयूसी (म्हणजे इकडची अकरावी-बारावी) सायन्स, मग सीईटी. ऑप्शन एंट्रीला सायबर कॅफेत बसलो तेव्हा मावसभावानं पटापट कॉलेजं भरली, रँक बेताची होती, सिव्हिलला सीट लागली, घरात पेढे वाटले. विश्वेश्वरय्या युनिव्हर्सिटीचं हेडऑफिस आमच्या शेजारी मच्छेला, त्यामुळे आप्पांना वाटायचं पोरगं म्हणजे घरच्याच युनिव्हर्सिटीत शिकतंय. २०२३ ला बी.ई. झालो. मग एका रोड कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर राहिलो, डंपरच्या ट्रिपा मोजायच्या, लेबरवर ओरडायचं, बिलासाठी फोन करायचे. सिव्हिल वाईट अशातला भाग नाही, माझ्याबरोबरची पोरं मजेत आहेत, पण मला सकाळी उठलं की पोटात गोळा यायचा आणि चार वर्षं आणि बापाचे पैसे कशाला घालवले हाच विचार. गावात तर प्रत्येकजण विचारणार, "काय करालायस रे सध्या? इंजिनेर हाय न्हवं तू?"

तर सेंटर. फी ३,५०० रुपये, त्यात एक टेस्ट, एक रिपोर्ट, दोन सेशन. रेल्वे गेट पडलं की पोचायला उशीर होतो, तेवढं धरून निघा. वेटिंग हॉलमध्ये एसी चांगला आहे पण भिंतभर बंगळूरच्या प्रायव्हेट कॉलेजांची ब्रोशर, एमबीए, डेटा सायन्स, परदेशात शिक्षण. ते बघूनच मला शंका आली होती आणि ती अगदीच खोटी नव्हती, त्यावर नंतर येतो.

टेस्ट कॉम्प्युटरवर, इंग्लिशमध्ये. "तुम्हाला पार्टीत अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का" असले प्रश्न, आता येळ्ळूरच्या पोरानं पार्टी म्हणजे काय समजायचं, लग्नाची वरात धरली मी. आठवड्यानं रिपोर्ट आला, चकाचक कागद, पाय चार्ट, वरती माझा फोटो. आत लिहिलंय : तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून कधीकधी अस्वस्थ असता, तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, तुम्हाला बदल हवा असतो पण बंधनं आवडत नाहीत. वाचून आई म्हणाली अगदी तुझंच आहे रे हे. मी ते शेजारच्या दादाला वाचून दाखवलं, तो म्हणाला हे तर माझं आहे. यात नवल काही नाही, १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि सगळ्यांच्या हातात एकच मजकूर ठेवला, तोही भविष्याच्या पुस्तकातून उचललेला, आणि पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले की हे बरोब्बर आमचंच वर्णन. आपल्याकडे हेच काम कुडमुड्या जोशी धान्याच्या सुपावर करून द्यायचा, त्याला पाय चार्ट लागत नव्हता.

रिपोर्टचा एक भाग मात्र बरा, तो जॉन हॉलंडच्या सहा प्रकारांवर आहे, म्हणजे हातानं काम करणारा रिअलिस्टिक, शोध घेणारा इन्व्हेस्टिगेटिव्ह, मग आर्टिस्टिक, सोशल, एंटरप्रायझिंग आणि कागदपत्रात नीटनेटका असा कन्व्हेन्शनल. १९५९ पासूनची थिअरी आहे, जगभर वापरतात. माझं इन्व्हेस्टिगेटिव्ह आणि कन्व्हेन्शनल वर आलं आणि एंटरप्रायझिंग तळाला, म्हणजे लेबरवर ओरडणं का जमेना ते एका ओळीत कळलं. पण हीच सहा प्रकारांची टेस्ट नेटवर फुकट मिळते, त्यासाठी पैसे कशाला.

पहिलं सेशन एका सरांनी घेतलं आणि ते निव्वळ विक्री. "तुमच्या प्रोफाइलला एमबीए इन कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट" म्हणून त्यांनी जे कॉलेज सांगितलं त्याचं ब्रोशर बाहेर भिंतीवरच होतं. मी म्हटलं सर साइट नको म्हणून तर आलोय, तर म्हणे मॅनेजमेंट म्हणजे साइट नव्हे. मी पुढं बोललो नाही.

दुसरं सेशन वेगळ्या मॅडमनी घेतलं आणि माझे तीन स्टार सगळे त्यांचे आहेत. त्यांनी रिपोर्ट उघडलाच नाही. पहिला प्रश्न, "डिग्रीत काय आवडलं नाही ते राहू दे, चार वर्षांत परीक्षा नसताना कुठलं पुस्तक उघडलंस?" मी जरा विचार करून म्हटलं सर्व्हेइंग. प्लेन टेबल, थिओडोलाइट, नकाशाला नकाशा जुळवणं, ते मला खरंच आवडायचं, बाकी काँक्रीट टेक्नॉलॉजी नुसतं पास झालो. मग त्यांनी विचारलं साइटवर नक्की कशाचा त्रास होता, उन्हाचा, पगाराचा, माणसांचा का घाईचा? मला स्वतःला हे कुणी कधी विचारलं नव्हतं, घरात "आवडत नाही" एवढ्यावर भांडण सुरू व्हायचं. नीट सांगायला गेलो तर निघालं की त्रास माणसांवर ओरडायचा आणि खोट्या ट्रिपा लिहायचा, मोजमापाचा नव्हेच. म्हणजे अख्खी डिग्री टाकून द्यायला निघालो होतो आणि नको होता त्यातला एक तुकडा.

मग त्यांनी कोर्स एकही सुचवला नाही. त्यांनी तीन ठिकाणं दिली, प्रत्येक ठिकाणी दिवसभर नुसतं जाऊन बसायचं, काम करणाऱ्याशेजारी, आणि संध्याकाळी एका कागदावर लिहायचं की घड्याळाकडे किती वेळा बघितलं. ओळखी त्यांच्याच, फोन त्यांनीच केले. उद्यमबागेत एक मशीन शॉप, तिथं सीएनसीवर हायड्रॉलिकचे पार्ट निघतात, काम एक नंबर पण मला त्या आवाजात डोकं धरलं. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरबरोबर व्हिडिओ कॉलवर दिवस, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, जेवणाच्या सुट्टीत झोप लागली. आणि तिसरं, कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांचं ऑफिस, जमिनीचे दावे बघणारं.

इथं जरा सविस्तर लिहितो कारण आपल्या भागातल्या पोरांना हे माहीतच नसतं. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमच्या बाजूची जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत, त्याहून जुनी काही मोडीत. त्यानंतरचा सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि कर्नाटक सरकारच्या भूमी प्रोजेक्टनंतर, म्हणजे जमिनीचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढवल्यावर, उतारा कॉम्प्युटरवरचा, तोही कन्नडच. आता एकाच जमिनीच्या फाईलमध्ये आजोबाचा कागद मराठी आणि नातवाचा उतारा कन्नड. ऑफिसातले दोन ज्युनियर, एकाला मराठी वाचता येत नाही, दुसऱ्याला कन्नड नावापुरतं. वकीलसाहेबांनी एक फाईल पुढं टाकली, म्हणाले बघ काय कळतंय का. एका सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडलेले, भावाभावांत भांडण. मी नुसती बेरीज केली, एकर-गुंठे-आणे, ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा, आणि पोटहिश्श्यांची बेरीज मूळ नंबरापेक्षा जास्त निघाली. म्हणजे कुठंतरी एकच तुकडा दोघांच्या नावावर चढलेला. मग जुना वाटणीचा कागद आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवून कुठल्या बांधावर घोळ झालाय ते शोधत बसलो. डबा तसाच राहिला. साहेब म्हणाले, "नकाशा कळतोय, मराठी वाचतोस, कन्नड वाचतोस, आनि काय पायजे रे तुला?" त्या दिवशीच्या कागदावर घड्याळाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

हे काम त्या छापील रिपोर्टमध्ये कुठंच नव्हतं, रिपोर्टमध्ये मला "अर्बन प्लॅनर किंवा लायब्ररियन" लिहिलं होतं.

आता माहितीचा भाग, कारण तिथं अर्धा स्टार कापलाय. बरोबर सांगितलेल्या गोष्टी : तीन वर्षांच्या एलएलबीला कुठलीही डिग्री चालते, जनरलला ४५ टक्के लागतात, म्हणजे बी.ई. वाया गेली असं नाही, तेच दारावरचं तिकीट. युवानिधीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेकार पदवीधर भत्त्याचे, महिन्याला ३,००० पुढचं शिक्षण सुरू केलं की बंद होतात, तेही मॅडमनी आधीच सांगितलं, नाहीतर मी तो हिशोब धरूनच बसलो होतो. हजेरी कडक असते, ७० टक्के, त्यामुळे फुल टाइम नोकरी करत रेग्युलर लॉ होत नाही हेही स्पष्ट सांगितलं. चुकीची सांगितलेली : सनदेची एनरोलमेंट फी वीसेक हजार धरून चाला असं पहिल्या सरांच्या फाईलमध्ये होतं. अहो, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलीय तेवढीच फी घ्यायची, जनरलला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये. हे मला वकीलसाहेबांच्या ऑफिसात कळलं. करिअरचे पैसे घेणाऱ्यानं निदान पेपर वाचावा.

आणि दुसरं, सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांना रहिवासाच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या एमपीएससीलाही बसता येतं, हे बेळगावात सेंटर चालवणाऱ्याला माहीत नसावं म्हणजे कमाल आहे. मी विचारलं तर सर म्हणाले ते पॉलिटिकल विषय आहेत, आपण नको. पॉलिटिकल कसलं, फॉर्म भरायचा प्रश्न आहे! इकडं केएएस, म्हणजे कर्नाटकची राज्यसेवा परीक्षा, द्यायची म्हटलं तर मेन्सला कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो, म्हणजे आपल्या पोरानं दोन्हीकडचे नियम शेजारी ठेवूनच ठरवायला पाहिजे, आणि कौन्सेलिंग म्हणजे हेच ना.

सध्या मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. दुपारनंतर त्याच ऑफिसात बसतो, नकाशे आणि जुने मराठी कागद माझ्याकडे येतात, त्याचे थोडे पैसे मिळतात, पेट्रोल सुटतं. सगळं छान झालंय असं काही नाही, वर्गात माझ्यापेक्षा लहान पोरं आहेत, बरोबरच्या मित्रांनी गाड्या घेतल्या आणि आप्पा अजून पावण्यांना "इंजिनेर हाय, वकिली पण शिकतोय" असंच सांगतात. जमिनीचं अपील धारवाड बेंचला गेलं की साहेब सोबत नेतात, मग बसमध्येच कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या नोट्स वाचतो.

कुणी जावं? ज्याला डिग्रीचा पश्चात्ताप होतोय पण नक्की कशाचा ते सांगता येत नाही त्यानं जावं. ज्याला ओळखीतून कुणाच्या तरी ऑफिसात, वर्कशॉपात, दवाखान्यात दिवसभर बसता येतं त्यानं पैसे वाचवावेत आणि तेच करावं, मामा-काका कशाला असतात. पीयूसीच्या पोरांना घेऊन आईवडील येतात, त्यांनी पहिल्या सरांपासून सांभाळून राहावं, तिथं ॲडमिशन गळ्यात पडते. नोकरीच शोधायची असेल तर आधी फुकटातलं बघा, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून चालू आहे.

फोन केलात तर सांगा की टेस्ट आणि रिपोर्ट नको, फक्त दुसरं सेशन आणि ती भेटीची ठिकाणं पाहिजेत, त्याचं किती. रिसेप्शनवरची मुलगी म्हणंल असं पॅकेज नाही. मग म्हणंल सरांना विचारते. सर दीड हजार सांगतात, माझ्या चुलतबहिणीनं बाराशेला केलं. मॅडम शनिवारीच असतात.