बी काचेच्या बरणीत लावावं की कुंडीत?

चार-पाच वर्षांच्या मुलाला रुजणं दाखवायचं असेल, तर माझं मत बरणीला. काचेला चिकटून ओला टिपकागद ठेवायचा आणि कागद व काच यांच्यामध्ये राजम्याचा दाणा. आधी दाणा फुगतो, साल फाटते, मग साधारण 3 ते 5 दिवसांत पांढरं मूळ बाहेर येतं. कोंब नंतर. हा क्रम मुलं स्वतः पाहतात. मूळ जरा वाढलं की बरणी आडवी करा. एक-दोन दिवसांत त्याचं टोक पुन्हा खाली वळतं. मोठेही इथे थबकतात!

कुंडीत हे सगळं मातीआड घडतं. आठवडाभर काहीच दिसत नाही, आणि अधीर मुलं बी उकरून बघतात (उकरू द्या, दोन दाणे जास्त पेरा). पण बरणीतलं रोप दाण्यातल्या साठ्यावर जगतं. तो संपला की मलूल होतं. फुलं, शेंगा पाहायच्या तर मातीच हवी.

पाणी जास्त झालं तर दोन्हीकडे दाणा कुजतो. बरणीत निदान ते लगेच कळतं, वासानेसुद्धा.